आरटीईचा प्रवेश मिळाला, पण वर्गात दुजाभाव : तक्रार कशी, कुठे, कोणत्या क्रमाने? (सोलापूर)

कुंभारीकर
सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. विडी घरकुल, रे नगर आणि शहरातला सेटलमेंट भाग या तिन्ही ठिकाणच्या पालकांकडून या जूनपासून एकसारखे प्रश्न येताहेत, म्हणून धागा काढतोय.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत प्रवेश मिळतो आणि पालकांना वाटतं गंगेत घोडं न्हालं. पुढे वर्गात "आरटीईवाले उभे राहा" म्हणून नावं पुकारली जातात. मागचा एकच बाक त्यांच्यासाठी ठरलेला असतो. कुणाची पट्टी हरवली की पहिली झडती पारधी, कैकाडी, वडार मुलांच्या दप्तराची. पालक जाऊन तोंडी बोलून येतात, चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच.

तीन गोष्टी हव्यात. तक्रार कुठे आणि कोणत्या क्रमाने करायची? तक्रार केल्यावर शाळेने मुलाला काढू नये म्हणून काय खबरदारी घ्यायची? आणि आठवीनंतर काय? ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनीच लिहावं ही विनंती.


होटगीरोड
सोमवार, रात्री ९.४८

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण नुकसान तिथेच होतं.

शाळा मुलाला काढून टाकत नाही. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत तिला काढता येतच नाही. शाळा पालकाला बोलावते, "तुमच्या मुलाला इथं जमत नाही, त्याच्याच भल्याचं सांगतो" म्हणते आणि एका कोऱ्या किंवा छापील कागदावर सही घेते. त्यावर लिहिलेलं असतं, "मी स्वेच्छेने शाळा सोडल्याचा दाखला मागत आहे." ती सही झाली की कायद्याच्या दृष्टीने मूल स्वतःहून गेलं. आरटीईचा लाभ एकदा घेतलेल्या मुलाला पुन्हा अर्ज करता येत नाही, म्हणजे ती जागा कायमची गेली.

म्हणून पहिली ओळ प्रत्येक पालकाच्या डोक्यात बसवा : शाळेत बोलावलं तर जा, ऐका, सही करू नका. "घरी वाचून उद्या देतो" एवढंच म्हणा. वाचता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि कागदाचा फोटो मागा.


शाळेतली अक्का
सोमवार, रात्री १०.२०

होटगीरोड यांच्याशी सहमत. आता तक्रारीचं.

तोंडी तक्रार म्हणजे तक्रारच नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिणं तर त्याहून वाईट. सगळ्या पालकांसमोर वाद पेटतो, मूल आणखी एकटं पडतं आणि कार्यालयाच्या दप्तरी काहीच नोंद होत नाही. साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती. एक शाळेत द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची. पोच म्हणजे चार गोष्टी : शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही, आवक क्रमांक. नुसती सही असेल तर आवक क्रमांक मागून घ्या. आवक-जावक वहीत नोंद झालेला कागद नंतर "मिळालाच नाही" म्हणता येत नाही. शाळा पोच देत नसेल तर वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

अर्जात विशेषणं नकोत. "अन्याय होतो", "जातीयवादी वागणूक" अशा वाक्यांवर मुख्याध्यापक "तसे काही नाही" एवढंच उत्तर देतात आणि विषय संपतो. तारीख, तास, जागा, शब्द लिहा. नमुना :

"विषय : इयत्ता २ री, तुकडी ब मधील माझ्या पाल्यास वेगळे बसवल्याबाबत.
महोदय, माझा पाल्य आरटीई २५ टक्के प्रवेशांतर्गत आपल्या शाळेत शिकत आहे. दि. ८ जुलैपासून त्याला व आणखी दोन आरटीई विद्यार्थ्यांना शेवटच्या बाकावर बसवले जाते. दि. १० जुलै रोजी तिसऱ्या तासाला पट्टी हरवल्यावर फक्त या तिघांची दप्तरे वर्गासमोर तपासली. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ प्रमाणे मानसिक छळास मनाई आहे. तरी बैठक पटक्रमांकाने ठरवून दर आठवड्यास बदलावी, आरटीई विद्यार्थ्यांची नावे वर्गात वेगळी पुकारू नयेत, व केलेली कार्यवाही ७ दिवसांत लेखी कळवावी."

एवढंच. मागणी अशी लिहायची की ती झाली की नाही हे डोळ्यांनी दिसावं. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहिलं की योग्य काय ते शाळाच ठरवते.

२५ टक्क्यांतल्या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत, ग्रंथालय, संगणक, खेळ यांत फरक करायचा नाही, हे या कायद्याखालच्या नियमांत लिहिलेलं आहे. शाळा उपकार करत नाही हे पालकांनी मनाशी पक्कं धरावं.


कुंभारीकर
सोमवार, रात्री १०.४१

अक्का, नमुना फार उपयोगी आहे. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर?


शाळेतली अक्का
सोमवार, रात्री ११.०५

तर वरची पायरी. इथे सोलापुरात लोक चुकतात, कारण शहर आणि ग्रामीण यांची कार्यालयं वेगळी.

शाळा महापालिका हद्दीत असेल तर प्राथमिकसाठी महापालिकेच्या शिक्षण मंडळाचे प्रशासनाधिकारी. हद्दीबाहेर असेल तर त्या तालुक्याच्या पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. विडी घरकुल आणि रे नगर कुंभारीत आहेत, म्हणजे तालुका दक्षिण सोलापूर. पण घर कुंभारीत आणि शाळा शहरात असेल तर शाळेची हद्द धरायची, घराची नाही. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज "आमच्या कार्यक्षेत्रात नाही" म्हणून महिनाभराने परत येतो, तोवर चाचणी परीक्षा होऊन जाते. त्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मग पुण्याचे विभागीय शिक्षण उपसंचालक.

कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे दिलेल्या लेखी तक्रारीवर दोन्ही बाजू ऐकून ३ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. अर्जाच्या पहिल्याच ओळीत "कलम ३२ अन्वये तक्रार" असं लिहा. नाहीतर तो सर्वसाधारण निवेदनांच्या गठ्ठ्यात जातो आणि मुदत मोजायला सुरुवातच होत नाही.


पाचपेठ
मंगळवार, सकाळी ७.३०

एवढे अर्जफाटे कशाला? जातीवरून बोलले की थेट पोलीस ठाणे, ॲट्रॉसिटी. दोन गुन्हे दाखल झाले की सगळ्या शाळा सरळ होतील.


दिवाणी फौजदारी
मंगळवार, सकाळी ८.५५

पाचपेठ, तुमचा संताप रास्त आहे. पण हा कायदा कुठे लागतो आणि कुठे लागत नाही ते आधी पाहू या. चुकीच्या ठिकाणी लावला तर केस पडते आणि शाळा "बघा, खोटी केस होती" म्हणत फिरते.

एक, तो अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींसाठी आहे. फासेपारधी मूल असेल तर लागतो, कारण ती महाराष्ट्रात अनुसूचित जमात आहे. कैकाडी समाज विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत येतो, सोलापुरात मात्र विमुक्त जातींत. वडार आणि बंजारा हेही विमुक्त जातींत. त्यांच्या बाबतीत हा कायदा लागत नाही. तिथे बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ आहे, मुलाचा ताबा किंवा जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याने छळ केला तर. अपमान, धमकी, मारहाण यांसाठी भारतीय न्याय संहितेची कलमं आहेत.

दोन, जातीवाचक बोलणं किंवा जाणूनबुजून केलेला अपमान कलम ३(१)(आर) आणि (एस) खाली येतो, पण तो लोकांच्या नजरेसमोर घडलेला हवा. बंद खोलीत, बाहेरचं कोणी नसताना बोललेलं त्यात बसवणं अवघड, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून फिर्यादीत वर्ग कोणता, दार उघडं होतं का, कोण कोण हजर होतं, नेमका शब्द कोणता, हे आलंच पाहिजे. "जातीवरून बोलले" हे पुरत नाही. उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहायचा, तो लिहिताना हात अडखळला तरी.

तीन, जिथे लागतो तिथे मागे हटू नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर (कलम १८-अ) गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. "आधी चौकशी करतो, मग बघू" हे उत्तर चालत नाही. तपास शहरात सहायक पोलीस आयुक्त आणि ग्रामीणमध्ये उपविभागीय पोलीस अधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. मदतीसाठी १४५६६, मुलांसाठी १०९८. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

माझं मत असं : शिक्षकाने किंवा संस्थेच्या माणसाने जातीवाचक शिवी दिली, मारलं, तर शाळेच्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहू नका. बसण्याची जागा, नावं पुकारणं, सहलीतून वगळणं यासाठी अक्कांनी सांगितलेला रस्ता लवकर फळ देतो. आणि दुसरीतल्या मुलाने दुसरीतल्याच मुलाला चिडवलं तर पोलीस ठाणं हा शब्दसुद्धा काढू नका. तिथे वर्गशिक्षकाने वर्गातच बोलायला हवं आणि ते बोलल्याची लेखी नोंद आपण मागायची.


पाचपेठ
मंगळवार, सकाळी ९.२०

कैकाडींचं विदर्भात वेगळं आणि इथं वेगळं, हे ठाऊक नव्हतं. मान्य.


दाखलामित्र
मंगळवार, दुपारी १.१५

वरची सगळी चर्चा एका कागदावर उभी आहे, जातीचा दाखला. आमच्या टेबलावर दिसणाऱ्या अडचणी लिहितो.

पुरावा ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो. अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं हेही दाखवावं लागतं. सोलापुरात इथेच गाडं अडतं. विणकामासाठी, विडीसाठी आत्ताच्या तेलंगण-कर्नाटकातून आलेली कुटुंबं फार. आजोबांचा कागद त्या राज्यातला असेल तर इथल्या सवलतीसाठी तो चालत नाही, इथल्या जुन्या शाळेचा किंवा नगरपालिकेचा उतारा शोधावा लागतो.

शाळेचा कागद नसेल तर : गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुक, जुना महसुली उतारा. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाकडे जात वैधता प्रमाणपत्र असेल तर ते सगळ्यांत वजनदार. सख्खे काका, चुलत भाऊ, आत्या चालतात. मामाचं चालत नाही, आणि लोक हमखास मामाचंच आणतात. काहीच नसेल तर अर्जात तसं लिहून गृहचौकशीची मागणी करा. पालावर राहणाऱ्यांना कागद नाही म्हणून दाराबाहेर उभं करू नये, यासाठीच ती तरतूद आहे.

सेटलमेंटबद्दल वेगळं सांगतो. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. त्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणात लोक डांबले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, पण पत्त्यावर सेटलमेंट दिसलं की भुवया अजूनही वर जातात. म्हणून पत्ता बदलून लिहा असं कोणी सुचवतं. अजिबात करू नका. जुन्या घराचा, जुन्या वस्तीचा कागद हाच तुमचा १९६१ पूर्वीचा रहिवास सिद्ध करतो.

आणखी एक. पहिलीत नाव घालताना शाळेच्या जनरल रजिस्टरला (प्रवेश नोंदवहीत) जात नीट लिहून घ्या. "हिंदू" एवढंच किंवा आडनावच जातीच्या रकान्यात, असं सर्रास होतं. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्ती होते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर ती जवळपास अशक्य होऊन बसते.


मोहोळकर
मंगळवार, दुपारी ३.४०

प्रवेशाच्या टप्प्यावरची गळती लिहितो, ती वर्गातल्या दुजाभावाच्याही आधीची आहे.

नकाशावरचा फुगा. अर्जात घराची जागा नकाशावर दाखवायची असते. नेट कॅफेत अर्ज भरला की फुगा कॅफेवरच राहतो. अंतर तिथून मोजलं जातं, सोडतीत नंबर लागतो आणि पडताळणी समितीपुढे पत्ता जुळत नाही म्हणून प्रवेश रद्द. घराच्या दारात उभं राहून मोबाईलवर जागा पाहा आणि तीच भरा. भाड्याचं घर असेल तर नोंदणीकृत भाडेकरार, तोही अर्जाच्या तारखेआधीचा. मुद्रांकावर नुसता नोटरी केलेला चालत नाही. रे नगरात चाव्या १९ जानेवारी २०२४ पासून मिळू लागल्या, पण पुष्कळांच्या आधारवर अजून शहरातलाच पत्ता आहे. तो आधी बदलून घ्या. २०२५-२६ चे अर्ज १४ जानेवारीला, ऐन सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत सुरू झाले होते, त्यामुळे कागद दिवाळीनंतर लगेच काढायला घ्या.

उत्पन्नाचा दाखला (वर्षाला १ लाखापर्यंत) फक्त खुल्या गटातल्या दुर्बल घटकांना लागतो. वंचित गटांना, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके, इतर मागास, दिव्यांग वगैरेंना उत्पन्नाची अट नाही. तरी त्यांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलात पळवलं जातं.

"अमुक शाळा यादीत का नाही" हा प्रश्न दरवर्षी येतो. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अल्पसंख्याक संस्थांना २५ टक्के लागू नाही. त्यात भाषिक अल्पसंख्याकही आले. आपल्याकडे तेलुगू, कन्नड, गुजराती समाजांच्या संस्था बऱ्याच, म्हणून यादी आखूड दिसते. सरकारी शाळा १ किलोमीटरच्या आत असली की खासगी शाळेला सूट, हा फेब्रुवारी २०२४ चा बदल मात्र मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला रद्द केला. त्यावरून कोणी परत पाठवत असेल तर लेखी नकार मागा.


होटगीरोड
मंगळवार, सायंकाळी ६.०२

मोहोळकरांच्या मुद्द्याला जोडून, शाळा या मुलांवर राग का काढतात तेही पाहायला हवं. सरकार दर मुलामागे शाळेला प्रतिपूर्ती, म्हणजे फीची भरपाई देतं, १७,६७० रुपये वर्षाला असा दर ठरला होता, कोविडच्या वर्षी तो ८,००० वर आला. पैसे वेळेवर येत नाहीत. संस्थाचालकांची ही तक्रार खरी आहे आणि त्यासाठी त्यांनी सरकारशी जरूर भांडावं. पण थकबाकीचा हिशेब सहा वर्षांच्या मुलाच्या बाकावर मांडायचा नसतो. पालकांकडे "ॲक्टिव्हिटी फी", "टर्म फी" अशा नावाने पैसे मागितले तर नाही म्हणण्याआधी मागणी लेखी घ्या : कशाचे, किती, कोणत्या नियमाने. बहुतेक वेळा कागद येतच नाही आणि मागणीही थांबते.


विणकर गल्ली
मंगळवार, रात्री ८.३०

आठवीनंतरचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. २५ टक्क्यांचा प्रवेश आठवीपर्यंतच. नववीत त्याच शाळेत पूर्ण फी, आणि पालकांना हे आठवीच्या निकालादिवशी कळतं. सातवीतच अनुदानित शाळा बघून ठेवा.

इथे एक मोठा पेच आहे. एनएमएमएस ही आठवीतली केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पण ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच. विनाअनुदानित शाळेत आरटीईतून शिकणाऱ्या मुलाला बसताच येत नाही. चार वर्षांचे ४८,००० रुपये हातचे जातात. हुशार मूल असेल आणि शाळेत त्याला सुख नसेल, तर सातवीनंतर चांगल्या अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत नेणं हा कमीपणा नाही, हिशेबाचा निर्णय आहे. फक्त तो तुमचा असावा, शाळेने सही घेऊन लादलेला नसावा.

नवोदय, म्हणजे केंद्राची निवासी शाळा : आपल्या जिल्ह्याचं विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला. पाचवीत असताना परीक्षा, ८० प्रश्न, १०० गुण. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत झालेली हवीत. कुंभारीतलं मूल शहरातल्या शाळेत घातलं की तो हक्क जातो. पहिलीत शाळा निवडतानाच हे तराजूत टाका.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती आहे : पहिली ते चौथी १,०००, पाचवी ते आठवी १,५००, नववी-दहावी २,०००, अकरावी-बारावी ३,०००. आईचं विडी कार्ड, किमान ६ महिने काम. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. कार्डावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच हवं. तेलुगू आडनावांचं मराठी-इंग्रजी लिखाण तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं असतं, आणि अर्ज तिथेच अडकतात.


कुंभारीकर
मंगळवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. हे आम्ही छापून वस्तीत वाटतो. एकच शेवटचं : ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा शाळा म्हणते, नाव कमी झालं, दाखला आणा. काय करायचं?


शाळेतली अक्का
मंगळवार, रात्री १०.५०

दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम ५. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, कलम १४. वयाप्रमाणे वर्ग, कलम ४, आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण, कमीत कमी ३ महिने. गावाला जाण्याआधी ऑक्टोबरमध्येच मूळ शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या. त्यावर मूल कुठवर शिकलं ते लिहिलेलं असतं आणि कारखान्याजवळची शाळा त्यावर लगेच बसवून घेते. परतताना तिथल्या शाळेकडूनही ते भरून आणायचं. घरात मागे राहणारी आजी-आजोबा असतील तर मुलाला नेऊच नका, हंगामी वसतिगृहाच्या योजनेखाली त्याच्या जेवणाची सोय गावातच होते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यांना प्रस्ताव सप्टेंबरात पाठवायला लावा.

छापताना माझ्या नमुन्यात एक बदल करा. "आणखी दोन आरटीई विद्यार्थ्यांना" असं लिहिलंय, तिथे त्या मुलांची नावं घालू नका. त्यांच्या पालकांनी स्वतःचा वेगळा अर्ज द्यावा. तीन अर्ज, तीन पोच, तीन आवक क्रमांक.